दाताचं इम्प्लांट: तीन महिने आधीपासून कॅप बसेपर्यंत काय काय करायचं

२६व्या दिवशी आण्णांनी ऊस खाल्ला.

जानेवारी महिना होता, गावाकडं चुलतभावाचं गुऱ्हाळ चालू होतं आणि आम्ही सगळे काकवी आणायला गेलो होतो. आण्णांच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचं इम्प्लांट होऊन चार आठवडे होत आले होते. टाके निघाले होते, सूज कधीच उतरली होती. मी "आण्णा, नको" म्हटलं, तर म्हणाले, "अगं, आता कुठं दुखतंय? बरं झालंय की सगळं." डाव्या बाजूनंच खातो म्हणत त्यांनी कांडं सोललं. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता ते थांबले, जिभेचं टोक त्या जागेला लावून बघितलं आणि मला हाक मारली. "हे हलाय लागलंय गं."

तो स्क्रू काढावा लागला. हाड परत भरून यायला चार महिने थांबलो आणि मग दुसऱ्यांदा इम्प्लांट केलं. ते बसलं आणि आज आण्णा त्या दाढेनं भाकरी खातात. माझ्या स्वतःच्या तोंडातही एक इम्प्लांट आहे, आण्णांच्या आधी केलेलं. मला काही त्रास झाला नव्हता, म्हणूनच बहुतेक आम्ही घरचे सगळे गाफील राहिलो. या तिन्ही वेळांतून जे शिकले ते इथं क्रमानं लिहिते आहे. औषधांचे डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांची खुर्ची तास-दीड तासाची असते आणि उरलेले सहा-आठ महिने घरातल्यांच्या हातात असतात. हा लेख त्या महिन्यांसाठी आहे.

आधी समजून घ्या: आत नेमकं काय घडतं

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. जाडी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर आणि लांबी आठ ते तेरा मिलिमीटरच्या आसपास. दाताच्या मुळाच्या जागी तो जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला चिकटून धरतं आणि मग वर कॅप, म्हणजे दिसणारा दात, बसते. टायटॅनियमला हाड असं धरून ठेवतं हे पेर-इंग्वार ब्रोनमार्क या स्वीडिश संशोधकाला सशांच्या हाडावर काम करताना लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजही सगळा खेळ त्याच एका गोष्टीवर उभा आहे: हाड चिकटलं पाहिजे.

ते चिकटतं कसं हे आपल्याकडच्या माणसाला उसाच्या लागणीवरून चटकन कळेल. टिपरी, म्हणजे लागणीचा उसाचा तुकडा, सरीत दाबली की पहिल्या दिवशी ती घट्ट वाटते. तिला दाबलेल्या मातीनं धरलेलं असतं, मुळं अजून सुटलेली नसतात. पुढं माती थोडी सैल होते आणि तेवढ्यात मुळं फुटायला लागतात. त्या मधल्या दिवसांत कुणी टिपरी हलवली, तर कोवळी मुळं तुटतात.

जबड्यात तसंच होतं. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो आवळून बसवलेला असतो म्हणून. मग शरीर त्याच्याभोवतीचं दाबलं गेलेलं हाड हळूहळू काढून टाकतं आणि तिथं नवं हाड भरायला लागतं. जुनी पकड सुटत आली आहे आणि नवी अजून पुरती आलेली नाही, असा काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, टाके निघालेले असतात आणि माणसाला वाटतं, झालं. आण्णांना २६व्या दिवशी तेच वाटलं. खालच्या जबड्याला पक्कं व्हायला सुमारे तीन महिने लागतात. वरच्या जबड्याचं हाड जास्त पोकळ असल्यामुळं तिथं चार ते सहा.

तीन महिने आधी

तयारी इतक्या आधी कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर साखरेत आणि तंबाखूत आहे.

आण्णांना मधुमेह आहे. पहिल्या वेळी ऑपरेशनच्या सकाळी फक्त उपाशीपोटीची साखर बघितली, ती १३० च्या आसपास आली आणि सगळे निश्चिंत झाले. उपाशीपोटीची साखर त्या एका सकाळचं सांगते. आदल्या दिवशी जेवण कमी केलं तरी ती बरी दिसते. जखम भरेल की नाही याचा अंदाज देणारी तपासणी एचबीए१सी, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. स्क्रू निघाल्यावर आम्ही ती केली, तर ८.६ निघाली. बरेच डॉक्टर सातच्या आसपास किंवा खाली असली तर समाधानानं पुढं जातात आणि आठच्या वर असली तर आधी साखर आटोक्यात आणा म्हणतात. आण्णांना ८.६ वरून ७.१ वर यायला पथ्य, औषध आणि कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाभोवतीच्या रोजच्या चकरा मिळून साडेतीन महिने लागले. म्हणून ही तपासणी अगदी पहिल्यांदा करा, बाकी सगळं नंतर. रक्तदाबाचंही तेच. १८०/११० च्या पुढं असेल तर त्या दिवशी शस्त्रक्रिया पुढं ढकलली जाते.

आता तंबाखू. सिगारेट, बिडी, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, यांतलं काहीही चालत असेल तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका लक्षणीय वाढतो. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हिरडीला आणि हाडाला रक्त कमी पोचतं आणि रक्ताशिवाय हाड भरत नाही. निदान दोन आठवडे आधी बंद आणि नंतर निदान दोन महिने बंद, एवढं तरी पाळावंच लागतं. त्यापेक्षा तीन महिने आधीच सोडून बघा. ऑपरेशनच्या दिवशी तलफ आणि दुखणं दोन्ही एकदम सांभाळणं फार अवघड जातं. आण्णांनी पहिल्या वेळी दहाव्या दिवशी पुन्हा पुडी उघडली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एकट्या उसाला दोष देता येणार नाही. साखर, तंबाखू आणि ऊस, तिन्ही मिळून ते घडलं.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासायची पूड असते. माझी आत्ती पन्नास वर्षं मिश्री लावते. तिला बरोबर घेऊन गेले होते तेव्हा तिनंही हेच उत्तर दिलं. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. तर्जनीनं ती हिरडीवर घासली की निकोटिन थेट त्या जागेतच जातं. सासूला किंवा आईला दवाखान्यात नेत असाल तर हे तुम्ही स्वतः सांगा. तिला लाज वाटू न देता सांगा.

औषधांची यादी करताना रोजच्या गोळ्यांवर थांबू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून दिलेलं झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, ही औषधं रोजची नसल्यामुळं सांगायची राहून जातात. यांच्यामुळं जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर नीट न भरण्याचा, क्वचित मृत होण्याचा धोका असतो. दंतवैद्याला हे आधी कळलंच पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, मनानं बंद करू नका. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून तर मुळीच नको. हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. पुष्कळदा गोळी चालू ठेवूनच काम होतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते केसपेपरवर ठळक लिहून घ्या.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर त्यांचा उपचार आधी. तोंडात एका बाजूला पू धरलेल्या हिरड्या असताना शेजारी इम्प्लांट बसवणं म्हणजे तण न काढता लागण करणं. सफाई करून, ब्रश नीट करायला शिकून, महिनाभरानं हिरड्या गुलाबी आणि घट्ट झाल्या की पुढं जा.

आणि स्कॅन. साध्या एक्स-रेवर हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा थ्री-डी स्कॅन लागतो. तो समोर ठेवून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. खालच्या जबड्यात असाल तर "नसेपासून किती अंतर राहतंय?" कारण ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस तिथून जाते आणि निदान दोन मिलिमीटर अंतर सोडायचं असतं. वरच्या दाढांसाठी "सायनसचा तळ किती लांब आहे?" सायनस म्हणजे वरच्या दाढांच्या वर, नाकाशेजारी असलेली हवेची पोकळी. हाड कमी असेल तर हाडाची पूड भरणं किंवा सायनस उचलणं असं जास्तीचं काम निघतं, खर्च वाढतो आणि थांबायचा काळही वाढतो. दाढ काढून वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर तिथलं हाड झिजतं. पहिल्या वर्षातच रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. म्हणून दाढ काढायची वेळ आली की त्याच दिवशी पुढचं बोलून घ्यावं.

खर्चाचं थोडक्यात. एका इम्प्लांटला पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढंही सांगतात. आकडा ऐकल्यावर लगेच विचारा: यात वरची कॅप धरली आहे का? स्कॅन? हाडाची पूड? स्क्रू बसला नाही तर दुसऱ्यांदा किती? हे कागदावर लिहून घ्या. आरोग्य विम्यात दातांचं काम सहसा बसत नाही, अपघात सोडला तर. शहरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत दवाखाने भरपूर आहेत. नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे आणि शिकवणाऱ्या कॉलेजांत खर्च सहसा कमी येतो, मात्र फेऱ्या जास्त होतात. कुठंही गेलात तरी "आतापर्यंत किती केलेत, आणि न बसलेल्यांचं काय केलंत?" हे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. आण्णांच्या दुसऱ्या वेळच्या डॉक्टरांनी स्वतःहून न बसलेल्या दोन केसचे एक्स-रे दाखवून समजावलं आणि तिथंच माझा विश्वास बसला.

आठवडाभर आधी

कॅलेंडर काढा. पुढच्या दोन महिन्यांत लग्न, जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्राचे उपवास, ऊसतोड, मुलांच्या परीक्षा, काय काय येतंय ते बघा. उपवास, प्रवास आणि उन्हातली दगदग पहिल्या पंधरवड्यात नको. चंदगड, राधानगरी, गगनबावड्याकडून येणाऱ्यांनी फेऱ्यांचा हिशोब आधीच मांडावा: तपासणी आणि स्कॅन, ऑपरेशन, टाके, मधली एक तपासणी, मग माप आणि कॅप. सहा-सात खेपा धराच. चंदगड शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. तिथल्या माणसानं ऑपरेशननंतरची पहिली रात्र शहरात नातेवाइकाकडं काढली तर रक्त वाहिलं, सूज आली तरी घाबरायला होत नाही.

स्वयंपाकघरात पुढच्या आठवड्याची सोय करून ठेवा. नाचणीचं पीठ, मूगडाळ, जुना तांदूळ, शेवया, अंडी. फ्रीजमध्ये बर्फ किंवा गोठवलेल्या मटारची पिशवी. ती गालावर नीट बसते. मऊ केसांचा नवा ब्रश. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आदल्या दिवशीच आणून ठेवा. भूल उतरायला लागल्यावर मेडिकलच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ नये.

त्या दिवशी

नुसती जागा बधिर करून काम होणार असेल तर उपाशी जाऊ नका. मी भीतीनं काही न खाता गेले आणि खुर्चीत चक्कर आली. पोटभर साधं जेवून, रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जा. मधुमेहाची गोळी आणि इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी जुळवून कसं घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर मात्र सहा तास उपाशी राहावं लागतं. दोन्हींचे नियम उलटे आहेत, म्हणून विचारून खात्री करा. बरोबर माणूस हवा आणि परतताना गाडी त्यानं चालवायची.

आत काय होतं ते सांगितलं तर भीती कमी होते. भुलीची सुई टोचते, तेवढंच दुखणं. मग ड्रिलची घरघर आणि सतत पाणी. ते पाणी हाड तापू नये म्हणून सोडतात. ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी हाडाच्या पेशी मरतात. त्यामुळं चांगला डॉक्टर घाई न करता, थांबत थांबत, पाणी मारत ड्रिल करतो. दाब आणि थरथर जाणवते, पण दुखलं तर लगेच हात वर करा, भूल वाढवतात. शेवटी पान्यानं आवळल्यासारखं वाटतं, तो स्क्रू बसतो. काहींचा हिरडीखाली झाकून टाके घालतात. काहींना वर धातूची छोटी टोपी दिसती ठेवतात. आण्णांना पहिल्या वेळी अशी टोपी होती, म्हणून चावण्याचा दाब थेट स्क्रूवर गेला.

निघायच्या आधी तीन गोष्टी हातात घ्या: औषधांची चिठ्ठी, रात्री लागणारा फोन नंबर आणि स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर. त्या स्टिकरबद्दल शेवटी सांगते.

पहिले तीन दिवस

कापसाचा बोळा अर्धा ते एक तास दाबून धरा. सारखा काढून बघू नका. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. थुंकल्यानं आणि स्ट्रॉनं ओढून प्यायल्यानं जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. त्या रात्री लाळ गुलाबी दिसेल, उशीवर डाग पडेल, तेवढं चालतं. जुना टॉवेल अंथरा.

ओठ दोन ते चार तास बधिर राहतो. तोवर काही चावू नका आणि गरम चहा नको. बधिर ओठाला भाजलेलं कळत नाही. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आधी घ्या, पोटात काहीतरी घालून. दुखणं चढल्यावर घेतली तर ते उतरवायला फार वेळ लागतो. मूत्रपिंडाचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास असेल तर कोणती गोळी चालेल ते आधीच विचारलेलं असू द्या. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर त्या दिवसांत दारूला स्पर्श नको.

बर्फ पंचात गुंडाळून गालावर पंधरा मिनिटं ठेवा, पंधरा मिनिटं काढा. पहिला दिवसभर आणि दुसरा दिवस. गरम शेक देऊ नका. आपल्या घरात दुखऱ्या गालाला मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची पद्धत आहे, पण इथं त्यानं सूज वाढते. झोपताना डोक्याखाली दोन उशा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. आरशात बघून माणूस घाबरतो. माझा गाल तिसऱ्या सकाळी इतका फुगला होता की शेजारच्या काकूंनी दार उघडताच विचारलं. चौथ्या दिवसापासून ती उतरायला लागते. गालावर पिवळी-निळी झाक आली तरी आठवड्यात जाते.

पहिल्या दिवशी चूळही नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून, तोंडात खळखळ न करता, पाणी नुसतं इकडून तिकडं झुकवायचं आणि तोंड उघडून सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर पेस्टनं ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून वापरा. पेस्टमधल्या फेसामुळं त्याचा परिणाम कमी होतो. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरू नका. दातांवर तपकिरी डाग येतात आणि चव बिघडते. बाकीचे दात नेहमीसारखे घासा, टाक्यांची जागा तेवढी सोडा.

लवंगेचं तेल, हळदीचा लेप, तुरटी, मिश्री, यांतलं काहीही टाक्यांवर लावायचं नाही. लवंगेच्या तेलानं उघडी जखम भाजते. आत्ती माझ्यासाठी मायेनं हळद घेऊन आली होती. तिला मी ती दुधात घालायला सांगितली, आणि कोमट दूध प्यायले.

खायचं काय

कोल्हापुरात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्या जेवणात तिखट, गरम आणि चावायला लागणारं हे तिन्ही एकत्र असतं.

पहिले दोन दिवस थंड किंवा कोमट आणि न चावता गिळता येईल असं: नाचणीची आंबील थंड करून, ताक, दही कालवलेला मऊ भात, शेवयांची खीर, कुस्करलेलं केळं. तिसऱ्या दिवसापासून मुगाची आसट खिचडी वर तूप घालून, बिनमिरचीचं पातळ पिठलं, मऊ उकडलेलं अंडं. आण्णांना दुसऱ्या वेळी सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मटणाच्या अळणीचा. तांबडा-पांढरा करायच्या आधी आपण मटण फक्त हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवतो, ते पाणी. पाचव्या दिवशी ते मी बारीक चाळणीतून दोनदा गाळलं, बोट बुडवून चटका बसत नाही एवढं निववलं आणि वाटीनं दिलं. चार दिवस आंबील-खिचडी खाऊन कंटाळलेला माणूस ती वाटी संपवून म्हणाला, "आता जरा जीव आला." जखम भरायला प्रथिनं लागतात आणि न चावता येणाऱ्या माणसाला ती अशी द्यावी लागतात. मटण न खाणाऱ्यांनी मुगाचं कढण, पनीर कुस्करून, सकाळ-संध्याकाळ दूध घ्यावं. गंगावेशीतलं ताजं म्हशीचं दूध असलं तरी उकळून, कोमट करूनच.

मिसळ, खर्डा, झणझणीत रस्सा निदान दोन आठवडे नको. भडंग, शेंगदाणे, चिक्की, तिळाची चटणी, पेरू यांतले कण आणि बिया टाक्यांत अडकतात आणि तिथंच कुजतात. पांढरा रस्सा दहा-बारा दिवसांनी कोमट आणि कमी मसाल्याचा चालतो. भाकरी दुधात किंवा आमटीत मोडून पूर्ण भिजवलेली, तीही दुसऱ्या बाजूनं. मधुमेह्यांनी मऊ म्हणून नुसत्या खिरी आणि भातावर राहू नये, साखर वाढते. आणि जेवण कमी झालं म्हणून गोळी तीच राहिली तर साखर एकदम उतरते. पहिले चार दिवस घरच्या मशीनवर साखर बघत राहा.

टाके निघाल्यानंतर

सात ते दहा दिवसांत टाके निघतात. इथून पुढं दोन महिने मी घरच्यांना हात जोडून सांगते, लक्ष द्या. शरीर काहीच तक्रार करत नाही, म्हणून माणसाला आठवण राहत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेपासून आठवडे लिहिले आणि दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत लाल रेघ ओढली. त्या रेघेत त्या बाजूनं काहीही चावायचं नाही, सुपारी नाही, ऊस नाही, हाड फोडणं नाही. आण्णांना सवय होती जीभ सारखी त्या जागेला लावायची. टोपी दिसती असेल तर जिभेचा तो ढकला दिवसातून शेकडो वेळा बसतो, म्हणून तीही सवय सोडायला लावली. रात्री दात खाणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगावं, त्यांच्यासाठी वेगळं गार्ड बनवतात. जुनी काढता-घालता कवळी त्या जागेवर दाबत असेल तर ती घासून मोकळी करून घ्यावी. आखाड्यात उतरणाऱ्या पोरांना कुस्ती किती दिवस बंद ते डॉक्टरांकडून नेमकं विचारून घ्यावं. शेतात वाकून करायची जड कामं आणि व्यायाम पहिला आठवडा तरी नको, रक्ताचा दाब वाढून जखम वाहते.

टोपीभोवती मऊ ब्रश रोज फिरवा. घाबरून ती जागा घासायची सोडली तर तिथं कीट बसतं. टोपी सैल झाली किंवा निघून हातात आली तर ती डबीत ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. हातानं फिरवून बसवू नका. वरची टोपी हलतेय की आतला स्क्रू, हे आपल्याला कळत नाही. सैल टोपी दोन मिनिटांत घट्ट करून मिळते.

वाट न बघता फोन कधी करायचा

- तासभर दाबून धरूनही ताजं लाल रक्त थांबत नसेल.
- दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, मुंग्या येत असतील. नसेवर दाब असेल तर लवकर हालचाल करावी लागते.
- तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, पू किंवा घाण वास असेल.
- गिळायला, तोंड उघडायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल. श्वासाचा त्रास असेल तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा.
- वरच्या दाढेचं काम झालं असेल आणि पाणी पिताना ते नाकातून येत असेल. सायनस उचलली असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची.
- बरं झालेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत सुरू झालं, किंवा चावताना ठणकलं.

"उद्या बघू" इथं करू नका. आण्णांनी हललेलं कळल्याबरोबर सांगितलं म्हणून जंतुसंसर्ग होऊन आजूबाजूचं हाड गेलं नाही आणि दुसऱ्यांदा बसवायला जागा राहिली.

कॅप बसल्यावर

तीन-चार महिन्यांनी, वरच्या जबड्यात चार ते सहा महिन्यांनी, एक्स-रे काढून, स्क्रू पक्का झाला आहे हे बघून माप घेतात. कॅप बसली की पहिले काही दिवस मऊ खाण्यापासून सुरुवात करा. चावताना तो दात बाकीच्यांच्या आधी टेकतो असं वाटलं तर परत जाऊन घासून घ्या, सवय होईल म्हणून सोडून देऊ नका.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक बारीक पडदा असतो, तो दाब आणि दुखणं सांगतो. इम्प्लांटला तो नाही. त्यामुळं भोवतीची हिरडी सुजून हाड झिजायला लागलं तरी पुष्कळ दिवस काही दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणं हीच बहुतेक वेळा पहिली खूण असते. कॅपच्या दोन्ही बाजूंना बारीक बाटलीब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश रोज रात्री फिरवा, दर सहा महिन्यांनी सफाई करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून हाडाची पातळी आधीच्या एक्स-रेशी ताडून बघा. आण्णा तो ब्रश दूध पिऊन झाल्यावर झोपायच्या आधी वापरतात. तंबाखूची पुडी परत आलेली नाही. आत्तीनं मिश्री दिवसातून चार वेळांवरून एकदावर आणली आहे आणि तिच्या इम्प्लांटसाठी आम्ही अजून थांबलो आहोत.

आता तो स्टिकर. स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला असतो. दहा-पंधरा वर्षांनी कॅप बदलायची वेळ आली, डॉक्टर बदलले किंवा मुलाकडं पुण्या-मुंबईला राहायला गेलात, तर नव्या डॉक्टरांना त्या स्क्रूला बसणारा भाग मागवायला हाच तपशील लागतो. तो नसेल तर अंदाजानं शोधत बसावं लागतं. स्टिकर मागून घ्या, केसपेपरवर चिकटवा आणि फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. आमचा रेशनकार्डाच्या फाइलमध्ये, आण्णांच्या शेवटच्या एक्स-रेच्या पाकिटावर चिकटवलेला आहे.